पेटीतला तंबोरा



गेल्या हिवाळ्यात आमच्या नागपुरातील एका घरगुती बैठकीस जाण्याचा योग आला. गायक बसले, तबला जुळला. पाठीमागे तंबोऱ्यावर मात्र कोणी दिसेना. तरी षड्ज-पंचमाचा झंकार अखंड चालू होता. मान उंचावून पाहिले, तेव्हा गायकांच्या गुडघ्यापाशी पोथीएवढी एक पेटी ठेवलेली दिसली. बैठक उत्तम झाली, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु घरी परतताना एक प्रश्न मनात घोळू लागला, आणि तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. आपल्या गवयांनी ही विजेची पेटी जवळ केली, त्यात त्यांनी मिळविले काय, आणि गमावण्याची भीती कशाची?

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडते आहे असे नव्हे. पाश्चात्य रॉक संगीतातील गिटारवादकांचा नाद व्हॉल्व्हच्या अवजड ध्वनिवर्धकातून निघावयाचा. परंतु गेल्या वीस वर्षांत त्यांपैकी पुष्कळांनी ते ओझे खाली ठेवले आहे. २००६ साली अमेरिकेत ‘ॲक्स-एफएक्स’ आणि २०११ साली जर्मनीत ‘केम्पर प्रोफायलर’ ही यंत्रे निघाली. या दुसऱ्या यंत्राची युक्ती मोठी मनोरंजक आहे. मूळ ध्वनिवर्धकात ठराविक ध्वनी सोडावयाचे, तो त्यांना कोणते रूप देतो ते टिपावयाचे, आणि मग तेच रूप गणिताने पुन्हा उभे करावयाचे. डिसेंबर २०१३ मध्ये ‘मेटॅलिका’ या मंडळींनी अंटार्क्टिकातील कार्लिनी तळावर वादन केले, तेव्हा एरवीचे गर्जणारे ध्वनिवर्धक तेथे नव्हतेच. श्रोत्यांनी कानांस श्रवणयंत्रे लावून ते वादन ऐकले. तात्पर्य, जड वाद्य टाकून हलकी पेटी घेण्याचा हा वारा जगभर वाहतो आहे.

आता आपल्या तंबोऱ्याकडे वळू. महाराष्ट्रात तंबोरा म्हटला की मिरज. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, वाद्ये घडवू लागले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यांत अग्रभागी घेतले जाते. वाळविलेला भोपळा, लाकडी दांडी, चार खुंट्या आणि चार तारा, एवढेच हे वाद्य. परंतु त्याचा प्राण आहे जवारीत. घोडीचा माथा किंचित उतरता घासावयाचा, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवावयाचा. तो केसभर पुढेमागे होताच बोथट नाद एकदम फुलतो. तार घोडीवर एका बिंदूशी न टेकता तिच्या उतारावर लोळते, आणि मूळ स्वराबरोबर कितीतरी वरचे स्वर उमटतात. खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. त्याची कंपने खर्जाच्या पाचपट असतात.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या चमत्काराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असेल ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. तंबोरा आणि वीणा तो नियम मोडतात, असे त्यांनी दाखविले. हेच रामन १९१० साली सरकारी हिशेबखात्यात नोकरीस असताना आपल्या नागपुरात होते, हे सांगताना एका नागपूरकर शाळामास्तरास थोडा अभिमान वाटला तर क्षमा असावी.

अशा नाजूक वाद्याचे हाल आमच्या गावी फार. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की लाकूड आकसते आणि खुंट्या निसटतात. आषाढात सारे फुगून बसते. आगगाडीत भोपळा सांभाळणे म्हणजे तान्हे मूल सांभाळणे. शिवाय साथीस बसणारा माणूस हवा. म्हणून १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी श्रुतीची विद्युत् पेटी सिद्ध केली, तेव्हा तिचे स्वागत झाले यात नवल नाही. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा नाद मुद्रित करून तो अंकरूपाने साठवू लागले, आणि आता तर तो मोबाइलमध्येही मिळतो. दोन खोल्यांच्या घरात, अल्प खर्चात शेकडो मुलांना त्यामुळे सूर लाभला. या उपकाराकडे डोळेझाक करणारा मी नव्हे.

बंदी घालून काही साधते असेही नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बाजाच्या पेटीस मज्जाव केला होता. तो सुमारे तीस वर्षे टिकला, परंतु पेटी काही कोणाच्या घरातून गेली नाही.

मग भीती कशाची? ती मला माझ्या नातीने दाखविली. ती पाच वर्षे गाणे शिकते आहे, आणि तिचा गळा गोड आहे. एके दिवशी मी माळ्यावरचा जुना तंबोरा उतरविला, तो जुळविला, आणि पंचमाची तार मुद्दाम किंचित उतरवून विचारले, “लागला का गं?” ती म्हणाली, “हो आजोबा, लागला.” दोष तिचा नव्हता. पेटीने तिला सूर नेहमी तयार दिला होता. तो शोधावयास कोणी सांगितलेच नव्हते. आमचे गुरुजी महालातल्या त्यांच्या खोलीत पहिले सहा महिने आम्हांकडून केवळ तारा जुळवून घेत. तेव्हा तो छळ वाटे. कान त्या छळातच तयार होत होता, हे आज कळते.

त्या दिवसापासून रोज दहा मिनिटे आम्ही दोघे तंबोरा जुळवू लागलो. प्रथम ती रडकुंडीस येई. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी तिने एकाएकी हात थांबविला आणि विचारले, “आजोबा, हा गंधार कोण वाजवतंय?” मास्तरकीच्या साऱ्या आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

पेटी तिने टाकलेली नाही, टाकूही नये. प्रवासात आणि परीक्षेच्या धांदलीत तीच उपयोगी पडते. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. गिटारवादकाच्या यंत्रास नक्कल करावयाला आधी एक उत्तम ध्वनिवर्धक लागतो. तसा आपल्या पेटीत बोलतो तो नादही कोणा कारागिराने घडविलेल्या आणि कोणा जाणत्याने जुळविलेल्या तंबोऱ्याचाच असतो. २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तो मान योग्यच. परंतु मानपत्राने कारागिराची चूल पेटत नाही, ती वाद्य विकले गेल्याने पेटते.

म्हणून गायनवर्ग चालविणाऱ्यांना आणि मुलांच्या आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. पेट्या खुशाल दहा ठेवा, पण वर्गात एक खरा तंबोरा असू द्या, आणि तो शिक्षकाने नव्हे, मुलांनी जुळवावा. दहा मिनिटे लागतील, कदाचित वीस. तेवढा वेळ गाणे थांबले तरी बिघडत नाही, कारण गाणे तेथूनच सुरू होते.