अरुंद पडद्यावरचे गाव
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वेबपेज करायला शिकणारी मुले-मुली आता खेड्यापाड्यांतही भेटतात. कुणी पुण्याला क्लासला जातो, कुणी मोबाइलवर धडे पाहून शिकतो. एचटीएमएलने पानाची रचना होते, सीएसएसने त्याला रूप येते, हे त्यांना पाठ असते. अडते ते एकाच ठिकाणी : सरावाला काय करायचे? मग एखाद्या काल्पनिक कॉफी हाउसचे पान नमुना बघून उतरवले जाते. दिसते छान, पण ते वाचणारा कुणी नसतो आणि त्यामुळे काय चुकले हे सांगणाराही कुणी नसतो. माझे सांगणे असे, की सरावाचे पहिले पान आपल्या गावाचे करावे.

उदाहरणादाखल कामथडी घेऊ. भोर तालुक्यातले, पुणे-सातारा महामार्गावरचे हे गाव. जवळच्या नसरापूरहून वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या बाजूला रस्ता जातो, कापूरहोळहून भोरला. गावाची चार ओळींत ओळख, हे रस्ते, एसटीच्या वेळा, ग्रामपंचायत कधी उघडी असते आणि अडीअडचणीचे फोन क्रमांक, एवढा मजकूर एका पानाला पुष्कळ झाला.

साधनेही फार लागत नाहीत. संगणकावरचे नोटपॅड आणि एक ब्राउझर पुरे. सरावापुरते इंटरनेटही नको. पहिल्या बैठकीत रंग नाही, चित्र नाही. शीर्षक, परिच्छेद, यादी आणि तक्ता एवढेच लिहा, पान ब्राउझरमध्ये उघडा आणि खिडकी हळूहळू अरुंद करा. ओळी आपोआप मोडून खाली येतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ असेच बिनरंगाचे होते आणि ते आजच्या फोनवरही वाचता येते. म्हणजे लवचीकपणा पानात मुळातच असतो. ठरावीक मापाच्या चौकटी आखून तो आपणच घालवतो.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची भातखाचरे पाहा. बांध उताराच्या वळणाने जातो. खाचरासाठी कुणी डोंगर सरळ करीत नाही. वेबपेजचेही तसेच. इथन मार्कोट या अमेरिकी रचनाकाराने मे २०१० मध्ये लिहिलेल्या लेखात या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. तिची अंगे तीन. रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये न बांधता टक्क्यांत सांगायची. चित्राला त्याच्या चौकटीबाहेर जाऊ द्यायचे नाही. आणि ‘पडदा इतका रुंद असेल तर मांडणी अशी’ ही अट, म्हणजे मीडिया क्वेरी, सीएसएसमध्ये लिहायची. याखेरीज पानाच्या माथ्यावर ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ हवी. ती नसेल तर फोन पडदा संगणकाएवढा रुंद आहे असे धरून सगळे पान आक्रसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात.

आता मुख्य गोष्ट. संगणकावर डावीकडे, उजवीकडे, मध्ये असे कुठेही काहीही ठेवता येते. फोनच्या पडद्यावर सगळे एकाखाली एक येते. तेव्हा आधी काय आणि मागाहून काय, हे ठरवावेच लागते. गाव महामार्गावर आहे. अपघात झाला तर माणूस आधी काय शोधेल? गावाचा इतिहास नव्हे. २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू असलेल्या रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक तर अगदी वर हवा. बोट लावताच फोन लागेल असा आणि घाईतही बोट चुकणार नाही एवढा मोठा. त्यानंतर एसटीच्या वेळा. मंदिराचे छायाचित्र त्याखाली आले तरी देव रागावणार नाही. हा क्रम लावता येणे हाच या सरावाचा खरा धडा, आणि तो कोणताही तयार नमुना शिकवत नाही.

मराठी पानाची काही पथ्ये इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत. फाइल यूटीएफ-८ या प्रकारात साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. पानाची भाषा मराठी आहे हे ‘एमआर’ या खुणेने सांगा. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे काही फॉन्टांत असतात, पण ही खूण दिसल्याखेरीज ते हिंदी वळणच दाखवतात. ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे जास्त ठेवा. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते. आणि अक्षरांमध्ये अंतर घालू नका, शिरोरेघ तुटते.

चार रकान्यांचा तक्ता अरुंद पडद्यात मावत नाही. तिथे प्रत्येक गाडीची माहिती वेगळ्या ओळींत सोडवून लिहावी : कुठे जाते, किती वाजता, कुठून सुटते. फोनने काढलेले छायाचित्र कित्येकदा तीन-चार एमबीचे असते. ते लहान करून दीडशे-दोनशे केबीवर आणा. डोंगराआड सिग्नलची एकच दांडी मिळते, तिथे जड पान उघडतच नाही.

परीक्षा घ्यायची ती घरीच. पान फोनवर घ्या आणि आजीच्या हातात द्या. ‘भोरची गाडी किती वाजता?’ एवढेच विचारा आणि आपण गप्प बसा. तिने दोन बोटांनी पान ताणले, तर अक्षर लहान आहे. पान आडवे सरकवावे लागले, तर रुंदी चुकली. तिने फोन परत दिला, तर क्रम चुकला. दुरुस्ती करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. एसटीची वेळ बदलली की तीही त्याच दिवशी बदला. चुकीच्या वेळेचे सुंदर पान माणसाला फाट्यावर ताटकळत ठेवते.

असे एक पान नीट जमले, की पुढची दहा पाने अवघड जात नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायलाही तेच चांगले, कारण त्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे, हे तुम्हाला सांगता येईल.