हिशोब गल्ल्यापाशी सुरू होतो

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात बाजार धानाच्या हंगामावर चालतो. खत-बियाणं पावसाच्या तोंडावर उधारीवर जातं आणि पैसे येतात ते धान विकल्यावर. मधल्या महिन्यांत दुकानाची खरी स्थिती गल्ल्यात दिसत नाही, ती वहीत दिसते. त्या वहीसाठी आपण हिशोबनीस ठेवतो. पण महिनाभराचे कागद पिशवीत कोंबून त्याच्याकडे नेऊन दिले की आपली जबाबदारी संपली, असं अनेक दुकानदार समजतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हिशोबनिसाचं काम किती चोख होईल, हे दुकानदाराच्या रोजच्या सवयीवर ठरतं. समजा, चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय : ‘पाच गोण्या, पुढे देतो’. गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव नाही, दर नाही, तारीख नाही. दोन महिन्यांनी कितीही हुशार माणूस त्या चिठ्ठीची खतावणी करू शकणार नाही. तो फोन करत बसेल, आणि त्या वेळेचे पैसे आपणच मोजू.

जीएसटीचं वेळापत्रक पाहिलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराने आपली विक्री पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत दाखवायची असते. 14 तारखेला आपल्या खरेदीचा तक्ता पोर्टलवर येतो आणि 20 तारखेपर्यंत आपण कर भरायचा असतो. म्हणजे तक्ता आणि आपली बिलं ताडून पाहायला जेमतेम सहा दिवस. पुरवठादाराने एखादं बिल दाखवलंच नसेल, तर त्यावरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. बिलं आपण 19 तारखेला नेऊन दिली, तर ही चूक कोण पकडणार? शिवाय नेहमीच्या पद्धतीत मालाच्या विक्रीवरचा कर बिलाच्या तारखेने लागतो, वसुलीच्या तारखेने नाही. उधारीवर माल देणाऱ्याला पैसे हाती येण्याआधीच खिशातून कर भरावा लागतो. ती रक्कम किती बाजूला ठेवायची, हे हिशोबनीस आधी सांगू शकतो, पण उधारीची यादी त्याच्यापर्यंत पोचली तरच.

कुणी म्हणेल, आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेपेक्षा कमी आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ही मर्यादा साधारणपणे वर्षाला 40 लाख रुपये आहे, हे खरं. पण उधारीला मर्यादेची सूट नाही. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि तारीखच लिहिलेली नसेल तर ती मुदत मोजायची कुठून? कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर दिसतं. पॉस मशीनवर अंगठा लागला की खत गेल्याची नोंद होते, पण त्याचे पैसे आले की राहिले, हे मशीन सांगत नाही. यूपीआयचा संदेश रक्कम सांगतो, ती कोणत्या बिलापोटी आली हे सांगत नाही. त्यातच घरखर्चाचं आणि दुकानाचं खातं एक असेल तर गुंता दुप्पट होतो. हंगामात वेळ नसतो, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणूनच दुकान बंद करताना दहा मिनिटांची शिस्त हवी : रोख मोजायची, रोजमेळाशी ताडायची, बिलं तारखेवार लावायची आणि उधारी नावानिशी उतरवायची.

शेवटची शंका विश्वासाची. सगळा व्यवहार परक्या माणसाच्या हाती कसा द्यायचा? तर हिशोब द्यावा, ओटीपी आणि सही केलेले कोरे चेक देऊ नयेत. महिन्यातून एकदा समोरासमोर बसून बँकेची शिल्लक, येणं आणि देणं या तीन गोष्टी समजून घ्याव्यात. कायद्यापुढे उत्तर मालकालाच द्यावं लागतं, म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये. श्रोतेहो, नव्या वर्षाची किंवा दिवाळीच्या वहीपूजनाची वाट पाहू नका. आज दुकान बंद करण्याआधी आजची बिलं आणि आजची उधारी लिहून काढा.