इंग्रजीतील ‘बेटर’, ‘रादर’ आणि ‘टु’



पूर्वी पाचवीत सुरू होणारी इंग्रजी भाषा आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीत आली, आणि तिचा पाया घालण्याचे काम सर्वस्वी प्राथमिक शिक्षकाकडे आले. तेव्हा आज त्या भाषेतील एका लहानशाच, पण मुलांना हटकून अडविणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ ही सहायक क्रियापदे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्यापुढे मूळ धातू उघडाच येतो, हेही आपण शिकवतो. परंतु याच कुटुंबातील काही मंडळी एकटी फिरत नाहीत. कोणी ‘टु’ला बरोबर घेऊन येते, तर कोणी ‘बेटर’ किंवा ‘रादर’ या तरभावाच्या रूपाला. ‘ऑट टु’, ‘यूस्ड टु’, ‘हॅड बेटर’, ‘वुड रादर’ ही ती जोडपी होत. त्यांची ताटातूट करून अर्थ लावू गेल्यास हाती काही लागत नाही. ‘यू हॅड बेटर गो’ या वाक्याचा एकेका शब्दाने अर्थ लावणारा मुलगा ‘तुझ्याजवळ अधिक चांगले होते जा’ येथवर पोहोचतो आणि थांबतो. त्यात त्याचा दोष नाही.

या ‘हॅड बेटर’चा इतिहास मराठी माणसाला आपलासा वाटावा असा आहे. इंग्रजीच्या जुन्या अवस्थेत ही रचना पुष्कळशी आपल्यासारखीच होती. ‘मला ते बरे होईल’ यात आपण ‘मला’ म्हणतो, तसा तेथेही बोलणारा चतुर्थीत असे आणि क्रियापद ‘असणे’ या अर्थाचे असे. पुढे ‘मला’च्या जागी ‘मी’ आला आणि ‘असणे’च्या जागी ‘हॅव’चे रूप बसले. ते रूप भूतकाळाचे दिसते, पण बोलणे असते पुढच्या गोष्टीचे. याचे नवल वाटावयास नको. ‘आत्ताच गेलास तर बरे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘गेलास’ हे रूप कोणत्या काळाचे असते?

मात्र अर्थाची छटा नीट ओळखली पाहिजे, कारण खरी अडचण तेथेच आहे. पुष्कळ ठिकाणी ‘हॅड बेटर’ हा सौम्य सल्ला म्हणून शिकविला जातो. तो तसा नाही. ‘मुकाट्याने जाशील तर बरे!’ या वाक्यामागे न उच्चारलेला ‘नाहीतर’ उभा असतो, तसाच तो येथेही असतो. आई मुलाला, मित्र मित्राला हे म्हणू शकतो. पण शाळेत आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांना एखाद्या चिमुरडीने ‘सर, यू हॅड बेटर सिट डाऊन’ असे म्हटले, तर व्याकरण निर्दोष असूनही ते वाक्य उद्धटपणाचे होईल, आणि बिचारीला त्याचा पत्ताही नसेल. तिने ‘प्लीज सिट डाऊन, सर’ एवढेच म्हणावे. मराठीत जे मूल ‘बसा ना’ म्हणते, त्याला इंग्रजीत धमकी शिकविणे बरे नव्हे.

‘रादर’ हेही मुळात तरभावाचेच रूप. ‘लवकर’ अशा अर्थाचा एक जुना शब्द होता. त्याचे हे ‘अधिक लवकर’. जे आधी करावेसे वाटते तेच अधिक आवडीचे, अशा मार्गाने अर्थ बदलत गेला. त्याच अर्थाने ‘वुड सूनर’ असाही प्रयोग होतो. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात ‘हॅड रादर’ला रानटी ठरविले होते, लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. आज रूढ आहे ते ‘वुड रादर’.

तुलनेचे रूप आले की पाठोपाठ ‘दॅन’ येते: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट’, म्हणजे ताटकळण्यापेक्षा चालत गेलेले बरे. येथे दोन्ही धातू उघडे आहेत. हीच गोष्ट ‘प्रिफर’ने सांगावयाची झाल्यास मात्र ‘आय प्रिफर वॉकिंग टु वेटिंग’ असे म्हणावे लागते. आपला ‘पेक्षा’ दोन्हीकडे सारखाच चालतो, म्हणून मुले ‘प्रिफर’पुढेही ‘दॅन’ लिहितात. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ ही लॅटिनमधून आलेली तुलनेची रूपेही ‘टु’च मागतात. सेवाज्येष्ठतेची यादी आपण सर्वच मोठ्या बारकाईने वाचतो. पण ‘सीनियर दॅन मी’ हा प्रयोग आपल्याच तोंडी अजून ऐकू येतो!

आता हा ‘टु’. तो दोन प्रकारचा आहे. ‘ही यूस्ड टु वॉक’ म्हणजे तो चालत असे. येथे ‘टु’ धातूचा सोबती. ‘ही इज यूस्ड टु वॉकिंग’ म्हणजे त्याला चालण्याची सवय आहे. येथे तो खरे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे पुढे नामासारखे रूप हवे. ‘चालत असे’ आणि ‘चालण्याची सवय’ ही दोन मराठी वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली, की नियम सांगावा लागत नाही. ‘ऑट टु’तील ‘ऑट’ हे ‘देणे लागणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. देणे असलेल्या पैशातून कर्तव्याचा अर्थ निघाला. ‘मस्ट’ला मात्र ‘टु’ चालत नाही. ‘मस्ट टु गो’ दिसेल तेथे खोडावे.

नकाराची जागाही कानावर बसवावी लागते: ‘हॅड बेटर नॉट गो’, ‘वुड रादर नॉट गो’, पण ‘ऑट नॉट टु गो’. पहिल्या दोन जोडप्यांच्या मध्ये ‘नॉट’ शिरू नये.

हे सर्व एकाच वर्षी शिकवू नये. चौथीपर्यंत ‘यूस्ड टु’ पुरेसा आहे, आणि तोही गोष्टी सांगताना. आजीआजोबांच्या काळी गावात काय होते, ते मुलांना विचारावे. ‘माय ग्रँडमदर यूस्ड टु ग्राइंड ज्वारी ॲट होम’ असे एक वाक्य मिळाले की त्या नमुन्यावर वर्ग दहा वाक्ये देईल. पुढच्या वर्गांत ‘वुड रादर’साठी दोन दोन वस्तू समोर ठेवून निवड विचारावी. ‘हॅड बेटर’ सर्वांत शेवटी घ्यावा, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचा अबोल ‘नाहीतर’ मुलांकडूनच पुरा करून घ्यावा.