नोंदवहीतला एक रकाना

(पुण्यातील एका उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘निरोगी शहर आणि माहिती-तंत्रज्ञान’. मी त्यातली एकच गोष्ट सांगायला आलो आहे आणि ती पटवून दिल्याशिवाय खाली बसणार नाही. शहराच्या प्रकृतीची माहिती आपल्याकडे ढिगाने पडली आहे. ती वर्षानुवर्षं चिकाटीने वाचणारा माणूस मात्र आपण नेमलेला नाही. तो माणूस म्हणजे पीएच.डी.चा विद्यार्थी, आणि त्याच्या पाच वर्षांच्या पोटापाण्याची सोय शहराने करायला हवी.

प्लेगपासून सुरुवात करा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. पुण्याच्या सभागृहात १८९७ सांगत बसायची गरज नाही. स्मार्ट सिटीचंही तसंच. २०१५ साली अभियान सुरू झालं, शंभर शहरं निवडली गेली, त्या शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यावर चौक, सिग्नल, कॅमेरे. (मागून: ‘आणि खड्डे?’ हशा.) खड्डे दिसतात हो, पडद्यावर अगदी स्वच्छ दिसतात! पण माझा मुद्दा वेगळा आहे. पडदा आत्ता काय चाललंय ते दाखवतो. दमा, हृदयविकार, दूषित पाण्याची दुखणी यांचा माग काढायचा तर कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात, किती वर्षं, असं विचारत जावं लागतं. ते काम पडद्याचं नाही.

ते काम कसं होतं, यासाठी लंडनला जाऊ. जॉन स्नोचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८५४, सोहो, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, त्याचा दांडा काढला, कॉलरा थांबला, एवढीच गोष्ट आपण मुलांना सांगतो. साथ तोवर ओसरायला लागली होती, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याचं खरं मोठं काम त्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये झालं.

तिथे दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या. साउथवर्क अँड वॉक्सहॉल ही कंपनी बॅटर्सीला, म्हणजे शहराचं सांडपाणी जिथे थेम्समध्ये मिसळत होतं तिथून, पाणी उचलायची. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेला होता. आणि दोघींचे नळ एकाच रस्त्यातून गेलेले! या घरात एकीचं पाणी, शेजारच्या घरात दुसरीचं. श्रीमंत-गरीब, धंदा, वस्ती सगळं सारखं, फरक फक्त पाण्याचा. प्रयोग आयताच मांडून ठेवलेला होता.

अडचण एकच. कुणाच्या घरी कुणाचं पाणी येतं, हे राहणाऱ्यांनाच माहीत नसायचं. पट्टी घरमालक भरणार, तो राहणार दुसरीकडे. मग स्नो दारोदार फिरला. पावती सापडली तर ठीक, नाही तर छोट्या कुपीत घरचं पाणी घ्यायचं, वेष्टनावर पत्ता लिहायचा आणि घरी येऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. बॅटर्सीच्या पाण्यात मीठ लॅम्बेथच्या चाळीसपट. त्यात पांढरा साका लगेच धरायचा, लॅम्बेथच्या पाण्याला नुसती धूसर छटा यायची. कुपी सांगायची, हे घर कोणत्या कंपनीचं.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा: साउथवर्कच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या दर दहा हजारांमागे ३७. कॉलऱ्याचा जंतू सर्वांनी मान्य करायला अजून तीस वर्षं होती.

आणि आता ज्यासाठी मी तुम्हाला एवढ्या लांब नेलं तो माणूस. विल्यम फार. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कचेरीतला संख्याशास्त्रज्ञ. कॉलऱ्याने गेलेल्यांचे पत्ते स्नोला मिळाले ते त्याच्या कचेरीतून. स्नोचा सिद्धान्त फारला तेव्हा पुरता पटलेलाही नव्हता! तरी ऑगस्ट १८५४च्या अखेरीस त्याने दक्षिण लंडनच्या निबंधकांना कळवलं की कॉलऱ्याच्या प्रत्येक मृत्यूबरोबर त्या घरच्या पाण्याचा पुरवठादारही लिहा. नोंदवहीत एक रकाना वाढला. पटो न पटो, नोंद करा आणि ती विचारणाऱ्याला द्या, हा त्या कचेरीचा मोठेपणा.

(चिठ्ठी वाचून) अध्यक्षांनी वीस मिनिटं उरल्याचं कळवलंय. मग लंडन इथेच सोडू आणि सिंहगड रस्त्यावर येऊ.

जानेवारी २०२५. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत यायला लागले. जीबीएस, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम, हे नाव घराघरांत पोचलं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, काही जण गेले. तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला आणि बोट पाण्याकडे वळलं. एकाच भागातून असे रुग्ण येताहेत, हे आधी लक्षात आलं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या. मग आरोग्य खात्याची पथकं घरोघर गेली. त्या कर्मचाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण या गावांतल्या एका घरात महापालिकेचं पाणी, दुसऱ्यात टँकरचं, तिसऱ्यात बोअरचं, चौथ्यात खाजगी आरओच्या जारचं, आणि पुष्कळ ठिकाणी यातली दोन-तीन एकत्र. कुठलं घर कुठलं पाणी पितं, याची रस्तानिहाय नोंद साथ येण्याआधी वहीत असती तर पहिल्याच आठवड्यात किती गोष्टी उलगडल्या असत्या!

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवताहेत. आपण महापालिकेत होतात ना? (‘होय, पाणीपुरवठ्यात.’) माझा रोख आपल्यावर नाही. ज्या अभियंत्याला सकाळी सहा वाजता फुटलेल्या लाइनवर जावं लागतं, त्याने दुपारी संशोधन करावं असं मी म्हणणार नाही. म्हणून तर वेगळा माणूस हवा.

तो आला की काय होतं, हे अहमदाबादने दाखवलं. (कुजबुज. एक आवाज: ‘पुण्यात सांगताय!’ हशा.) चांगलं असेल ते कुठूनही घ्यावं. मे २०१०मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात किती माणसं गेली, हे संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यूनोंदींवरून काढलं. आदल्या-नंतरच्या वर्षांच्या तुलनेत १,३४४ मृत्यू जास्त भरले. ‘उष्माघात’ असं कारण लिहिलेले त्यातले थोडेच. बाकीचे वहीत साध्या मृत्यूंमध्ये मिसळून गेले होते. त्या मोजणीवर २०१३चा उष्णता कृती आराखडा उभा राहिला, देशातला आणि दक्षिण आशियातला पहिला. तिथल्याच एका रुग्णालयाच्या नवजात विभागाच्या नोंदी तपासल्या, तर तापमान ४२ अंशांवर गेल्यावर पुढच्या प्रत्येक अंशाला उष्णतेने दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. प्रसूतिकक्ष होता सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली. तो खालच्या मजल्यावर आणला आणि दाखल होणारी बाळं कमी झाली. मंडळी, एक कक्ष खाली आणायला कुठलं तंत्रज्ञान लागलं? कुणीतरी जुने केसपेपर आणि हवामानाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बसलं होतं, म्हणून ते सुचलं.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. मी स्वतः हवेतले कण मोजणाऱ्या स्वस्त यंत्रांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतो. ही यंत्रं धुळीचे कण किती प्रकाश विखुरतात यावरून आकडा देतात. पावसाळी दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडाही फुगतो. म्हणून प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, ऋतूमागून ऋतू, त्यांची दुरुस्ती काढावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने सोसायट्यांच्या गच्च्यांवर अशी यंत्रं लावली. कोळी हवेच्या तोंडाशी जाळी विणायचे, ती दर पंधरवड्याला झाडू-ब्रश घेऊन चढायची. आणि फटाक्यांच्या ऐन रात्री एका यंत्राची नोंदच बंद! जाऊन बघते तर आकाशकंदिलाला प्लग हवा म्हणून चेअरमननी यंत्राची वायर काढलेली. (मोठा हशा.) त्या दिवाळीची नोंद गेली, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत थांबणं आलं. तीन वर्षांत पीएच.डी. उरका म्हणणाऱ्यांना हे कसं समजवायचं? आणि त्या मुलीची फेलोशिप महिनोन्‌महिने रखडायची. खोलीभाडं थकलेलं असताना ती गच्चीवर चढत होती. याचा मला राग येतो, आणि तो तुम्हालाही यावा.

(पुन्हा चिठ्ठी) पाच मिनिटं. ठीक, थेट पैशांवर येतो. केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आहे, वरिष्ठ ४२,०००. महापालिकेने वीस विद्यार्थ्यांना वरच्या दराने पाच वर्षं सांभाळलं, तर वर्षाला एक कोटी ऐंशी हजार लागतात, घरभाडं वेगळं. पुणे महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प बारा हजार कोटींच्या वर होता. पैसे नाहीत हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

खाजगीपणाचं काय, असं कुणी विचारेल. रास्त शंका आहे. नावं काढा, घर क्रमांक काढा, रस्ता आणि पाण्याचा स्रोत ठेवा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींसह वाट ठेवलेली आहे. मृत्यूच्या कारणांचं तर आणखी मोठं काम पडलंय. २०२०च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांत काय दडलंय ते शोधायला वीस विद्यार्थीही कमी पडतील.

अध्यक्षांची क्षमा मागून शेवटचं सांगतो. दाराशी टेबलावर महापालिका आयुक्तांच्या नावे एक निवेदन ठेवलंय. मागण्या दोनच आहेत: वीस विद्यार्थ्यांना पाच वर्षांची, दर महिन्याच्या एक तारखेला मिळणारी फेलोशिप, आणि साथीच्या आजारांच्या नोंदीत घरच्या पाण्याचा एक रकाना. सही करा, खाली आपला भाग लिहा, आणि आपल्या घरी पाणी नळाचं येतं, टँकरचं की बोअरचं, तेही लिहा.