टेलचा शेतकरी, टेलचा मच्छीमार



समुद्रावरची परिषद दिंडोरीत भरणार आणि मी तिचा अध्यक्ष, हे ऐकून माझ्या घरात सगळे हसले. इथे समुद्र पोचतो तो आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या ढिगातून. पण नकाशा उघडून बघा. याच तालुक्यात आंबेगावजवळ दमणगंगा उगम पावते आणि सुमारे 131 किलोमीटर वाहून दमणला अरबी समुद्राला मिळते. तिच्या उगमाजवळच्या डोंगरांच्या अलीकडे पडलेला पाऊस कादवेत येतो, पालखेड धरणातून नांदूरमधमेश्वरला जाऊन गोदावरीत मिसळतो आणि पार आंध्रात, कोरिंगाच्या खारफुटीशेजारून बंगालच्या उपसागरात उतरतो. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना! मुंबईलाही हे जमलेलं नाही.

दोन समुद्र हा हिशेब आपला. कासवाला तो मंजूर नाही. 2023 मध्ये गुहागरला उपग्रहाचं यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ ही ऑलिव्ह रिडले मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, 2021 मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं मानणाऱ्यांना तिने विचारात पाडलं. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली. त्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू उद्या कोणाच्या जाळ्यात सापडेल हे वेळासच्या हातात नाही. म्हणून राखण एका गावाची असून भागत नाही.

अनेक गावांनी मिळून राखण कशी जमते, त्यासाठी आता वाघाड धरण. दिंडोरीत वाघाडची गोष्ट सांगणं म्हणजे आजीला आजोळच्या गोष्टी ऐकवण्यासारखं आहे, पण किनाऱ्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो. धरण भरायचं, कालवा सुटायचा, आणि ओझरकडच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत मात्र धूळ उडायची. हेडवाल्यांचं, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असणाऱ्यांचं, भिजून झालं की उरेल ते खाली यायचं, आणि उरायचं काही नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1991 च्या सुमारास नेमक्या टेललाच तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे त्या वाढत 24 झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांकडे आलं. पाणी मोजून घ्यायचं, मोजल्याची पट्टी भरायची आणि त्यावर पीक कोणतं घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्याने 2005 मध्ये केला. वाघाड तोवर चौदा वर्षं पुढे निघून गेलं होतं.

मला सांगायचंय ते इतकंच की समुद्रालाही हेड आणि टेल आहे. हेडला पर्ससीनच्या मोठ्या बोटी आणि एलईडीच्या झोतात मासळीचे थवेच्या थवे गोळा करणारे. टेलला रापणकर, डोलकर, छोट्या होडीतले बापलेक. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले, एलईडीच्या मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी केली. आदेश चांगले आहेत. पण कालवा कागदावर वाहत नाही, आणि रात्री दार कोण उघडतो ते शेजारच्या शेतकऱ्याला आधी कळतं, साहेबाला सकाळी.

थांबायचं कसं ते कोळ्याला कोणी शिकवायला नको. 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी आज कायद्याने आहे. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा. नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. अडचण थांबण्याची नाहीच. आपण थांबलो आणि दुसऱ्याने ओढलं, ही धास्ती खरी. टेलच्या शेतकऱ्याचीही हीच धास्ती होती.

तुलना इथे लंगडी पडते, ते मी लपवत नाही. धरणातलं पाणी मोजता येतं. समुद्रातली मासळी कोणी मोजावी? मग मोजायचा तो जाळ्याचा आस आणि माशाची लांबी. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवले. पापलेटला 135 मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, म्हणजे मान आणि माप बरोबरच मिळालं! त्याहून लहान पापलेट धरणं म्हणजे बेण्यालाच हात घालणं. आपल्या धरणांवरच्या मंडळींना हे चटकन जाणवत नाही, कारण रोहू-कटला साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, आणि आपण दरवर्षी बोटुकली आणून सोडतो. समुद्रात बोटुकली सोडायला कोणाचा टेम्पो जात नाही.

आणि बाजार? द्राक्षवाल्यांना तो मी काय शिकवणार. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा दूरच्या गिऱ्हाइकाचा नियम आपल्या मांडवाखाली कसा येतो ते आपण पाहिलं. ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला निसटायची वाट नाही म्हणून अमेरिकेने 2019 पासून भारतातली समुद्रात धरलेली कोळंबी घेणं थांबवलं. कासव सुटावं असं जाळं बनवता येतं. किमतीला आणि घटणाऱ्या पकडीला भिऊन ते लांबवलं जातं. महाराष्ट्रात मात्र एक शहाणपणाची योजना आहे: कासव, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. 2018 पासून ती चालू आहे. कासव जगवायचा खर्च कोळ्याच्या एकट्याच्या खिशातून का जावा? हा साधा प्रश्न सरकारला पटला, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्या बाजूचं एक राहिलं. मल्चिंग पेपरच्या चिंध्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि फवारणीचं धुवण आपण ओढ्याला देतो. ते कादवेतून नांदूरमधमेश्वरला जातं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आपल्या शेजारच्या निफाडात आहे, याचा अभिमान मिरवताना आपण काय खाली पाठवतो तेही बघू.

दुपारी चारला आपण वाघाडच्या कालव्यावर जातो आहोत. सातपाटी, दापोली, मालवणच्या मंडळींनी तिथल्या पाटकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: रात्री कोणी दार उघडलं तर तुम्हाला कळतं कसं? उत्तर ऐकून या. संध्याकाळचं सत्र मी त्यानेच सुरू करणार आहे.