खडकाची साक्ष

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारे १३० किलोमीटरवर, उत्तर समुद्राच्या तळाखाली सुमारे ७०० मीटर खोल, सिल्व्हरपिट नावाचे तीन किलोमीटर रुंदीचे विवर गाडलेले आहे. २००२ मध्ये ते उजेडात आले आणि वाद पेटला. ते अशनीच्या आघाताने घडले, की खालचे मिठाचे थर सरकून भूमी खचल्याने? २००९ मध्ये भूवैज्ञानिकांच्या एका सभेत चक्क मतदान झाले आणि बहुमत आघाताच्या विरोधात गेले.

संशोधन मात्र थांबले नाही. तेलविहिरीतून निघालेल्या खडकाच्या चुऱ्यात क्वार्ट्झचे मोजके कण सापडले. त्यांवरील खुणा केवळ आघाताच्या प्रचंड दाबानेच उमटतात. काळ कोणता? विवराने भेदलेला थर आघातापूर्वीचा, विवर भरून काढणारा थर नंतरचा. या गाळातील सूक्ष्म जीवाश्मांनी काळाच्या दोन्ही मर्यादा आखून दिल्या : ४.३ ते ४.६ कोटी वर्षांपूर्वी. २०२५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

सभेतील बहुमताने जे नाकारले, ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी सिद्ध केले. विज्ञानात हात मोजले जात नाहीत. पुरावा तोलला जातो.