सही कोणाची, पाय कोणाचा?

आज थोडं कायद्याविषयी बोलणार आहे. मी वकील नाही, डॉक्टरही नाही, बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण हा कायदा मला माझ्या अम्मीच्या पायानं शिकवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अम्मीला मधुमेह. पायाची जखम चिघळली म्हणून तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. रात्री तीन पानांचा इंग्रजी कागद समोर आला. ‘इथं, इथं आणि इथं सही करा.’ मी केली. खाटेवरून अम्मीनं विचारलं, ‘क्या लिखा है बेटा?’ मी म्हणालो, ‘कुछ नहीं अम्मी, जखम साफ करेंगे.’ खरं तर मी वाचलंच नव्हतं. सकाळी तिनं पाहिलं तर पायाची दोन बोटं नव्हती. कागदावर ते लिहिलेलं होतं.

डॉक्टरांचा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, पाय वाचला. चूक सांगण्यात झाली, आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे.

पुढे मी वाचायला बसलो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन जास्तीची शस्त्रक्रिया झाली होती. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, तातडीनं जीव वाचवण्याचा प्रश्न नाही, मग संमती तिचीच हवी. आणि तीही पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची. म्हणजे अम्मी शुद्धीत असताना माझी सही कशाला?

आपल्या राज्यात खाजगी दवाखान्यांसाठी १९४९ चा कायदा आहे. त्याखालचे सुधारित नियम १४ जानेवारी २०२१ रोजी निघाले. तेव्हा भंडाऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. ९ जानेवारीच्या पहाटे आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा बाळं गेली होती. घराघरात तोच विषय होता. पण त्या नियमांत आपल्या कामाचं पुष्कळ आहे. रुग्णहक्कांची सनद आहे : आजार काय, उपचार कोणते, धोके कोणते, अंदाजे खर्च किती हे विचारण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क. खाटेचं भाडं, डॉक्टरांची फी अशा १५ बाबींचे दर लावायचे आहेत. बिल राहिलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

मात्र या कायद्याचं नाव ‘शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’. श्रोतेहो, आमच्या झाडीबोलीत ‘श’ही नाही आणि ‘ष’ही नाही. ज्या शब्दाला आमची जीभच वळत नाही, त्या शब्दात आमचे हक्क बांधून ठेवलेत. कागद इंग्रजीतला असो की असल्या मराठीतला, आमच्या आयाबायांना दोन्ही सारखेच.

आणि सांगणं काही अवघड नसतं. अम्मीचं ड्रेसिंग करायला साकोलीकडची एक नर्स यायची. एके दिवशी तिनं पट्टी सोडता सोडता सांगितलं : साखरेमुळं बोटात रक्त पोचत नव्हतं, बोट काळं पडलं, तसंच ठेवलं असतं तर विष वर चढून पाय गेला असता. दोन मिनिटंही लागली नाहीत. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पहले बोलते तो मैं खुद अंगूठा लगाती.’

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

म्हणून एवढीच विनंती. कागद पुढे आला की विचारा, यात काय लिहिलंय? आपल्या बोलीत सांगा म्हणा. दरपत्रक कुठं लावलंय ते बघा. आणि खाटेवरचं माणूस शुद्धीत असेल तर आधी त्याला ऐकू द्या. पाय त्याचा आहे.